सहा डेव्हलपर, दोन टेस्टर आणि स्प्रिंटचे शेवटचे दोन दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुकानांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करणारी टीम आहे. सहा डेव्हलपर, दोन टेस्टर, दोन आठवड्यांचा स्प्रिंट, म्हणजे कामाची ठरलेली फेरी. टेस्टिंगला सगळं काम शेवटच्या दोन दिवसांत येतं. रिलीजनंतर दुकानदारांचे फोन सुरू होतात. डेव्हलपर म्हणतात, "हे टेस्टरने पकडायला हवं होतं." टेस्टर म्हणतात, "वेळ कुठे दिलात?" मध्यंतरी सेलेनियम या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलवर टेस्टचं ऑटोमेशन सुरू केलं, पण ते रोज लाल, म्हणजे फेल असतं. आता तिसरा टेस्टर घ्यावा की नवं टूल?

सध्या दोन्ही नको. आधी कामाचा ओघ बघा.

मागच्या तीन स्प्रिंटमधली प्रत्येक स्टोरी (कामाचा एक स्वतंत्र तुकडा) घ्या आणि चार गोष्टी मांडा: डेव्हलपरने हातात कधी घेतली, टेस्टिंगला कधी आली, टेस्टरने प्रत्यक्ष कधी उघडली, किती वेळा परत गेली. टीमच्या कामांच्या बोर्डाच्या इतिहासातून हे तासाभरात निघतं. बहुतेक टीममध्ये चित्र एकसारखं दिसतं. पहिल्या दिवशी सहा डेव्हलपर सहा स्टोऱ्या उचलतात आणि आठव्या दिवशी सहाही जण "झालं" म्हणतात. एका स्टोरीला टेस्टिंगचा एक दिवस धरला तर दोन टेस्टरना तीन दिवस हवेत. हातात असतात दोन. त्यातच प्रत्येक स्टोरी एकदा परत जाणार, अर्धा दिवस दुरुस्तीला, अर्धा पुन्हा तपासायला. म्हणजे हा स्प्रिंट पहिल्या दिवशीच फसलेला होता, त्यात टेस्टरच्या वेगाचा काही संबंध नाही. इथे तिसरा टेस्टर आणला तर तो पहिले सात दिवस मोकळा बसेल आणि आठव्या दिवशी बाकीच्या दोघांबरोबर अडकेल.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्रच चालतात. पहिला, स्टोरी कापा. डेव्हलपरचे दोन, फार तर तीन दिवस लागतील इतकीच मोठी. "परतीचं बिल" ही एक स्टोरी नव्हे. पूर्ण बिल परत घेणं, बिलातल्या काही वस्तू परत घेणं, सवलत दिलेल्या बिलाची परती आणि उधारीच्या बिलाची परती अशा त्या चार आहेत, आणि प्रत्येक स्वतंत्रपणे तपासता येते. कापताना स्क्रीन, एपीआय (प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायचा मार्ग), डेटाबेस असे थर पाडू नका. नुसत्या डेटाबेसच्या थरात टेस्टरला तपासण्यासारखं काही नसतं, आणि शेवटी सगळं जोडेपर्यंत पुन्हा आठवा दिवस उजाडतो.

दुसरा उपाय म्हणजे बोर्डावरच्या "टेस्टिंगसाठी तयार" या रकान्याला मर्यादा घाला. दोन टेस्टरसाठी तीन. रकाना भरलेला असेल तर काम संपलेला डेव्हलपर नवी स्टोरी घेत नाही, दुसऱ्याने लिहिलेली स्टोरी तपासायला बसतो. स्वतःची नाही, कारण लिहिताना जी गोष्ट सुचली नाही ती तपासतानाही सुचत नाही. याला पहिला विरोध मॅनेजरकडून येतो: डेव्हलपरचा महागडा वेळ टेस्टिंगमध्ये का घालवायचा? पण न तपासलेला कोड रकान्यात पडून राहतो तेव्हा तो वेळ गेलेलाच असतो, फक्त हजेरीपटावर दिसत नाही. दुसरा विरोध डेव्हलपरकडून येतो, तो साधारण तिसऱ्या आठवड्यात मावळतो. दुसऱ्याची स्टोरी तपासायला बसलं की टेस्ट डेटा तयार करायलाच पाऊण तास जातो हे त्यांना कळतं, आणि मग डेटा भरणारी स्क्रिप्ट कोणीतरी स्वतःहून लिहितो.

कोड लिहिण्याआधीची वीस मिनिटं

सर्वांत जास्त फायदा इथे आहे, आणि सर्वांत कमी लक्षही इथेच दिलं जातं. स्टोरी सुरू करण्याआधी तिघांनी वीस-तीस मिनिटं बसायचं: ज्याला गरज माहीत आहे तो, लिहिणारा आणि तपासणारा. चर्चा तत्त्वांची नको, आकड्यांची हवी. तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घेतो.

स्टोरी आहे "बिलावर जीएसटी दाखवणे". ऐकायला सोपी. आता १०.१० रुपयांची एक वस्तू घ्या, कर ५ टक्के. ग्राहक दुसऱ्या राज्यातला असेल तर आयजीएसटी ०.५०५, म्हणजे ०.५१ रुपये. ग्राहक त्याच राज्यातला असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी अडीच टक्के, म्हणजे ०.२५२५, प्रत्येकी ०.२५ आणि एकूण ०.५०. एकाच वस्तूवर एका पैशाचा फरक. अशा तीन ओळी बिलात असतील तर ओळीओळीने काढलेला सीजीएसटी ०.७५ येतो, आणि ३०.३० रुपयांच्या बेरजेवर काढलेला ०.७६. कर ओळीवर काढायचा की बेरजेवर, पूर्णांकन कुठे करायचं, परतीच्या बिलात तोच नियम उलटा लावायचा का, हे टीमने ठरवायचे प्रश्न नव्हेत. करसल्लागाराला किंवा ग्राहकाच्या हिशेबनिसाला विचारून ठरवायचे आहेत. पण विचारायचे आहेत हे वीस मिनिटांतच लक्षात येतं. नाहीतर डेव्हलपर एक गृहीत धरतो, टेस्टर दुसरं, आणि आठव्या दिवशी "हा बग आहे की नाही" यावर अर्धा दिवस जातो. डेव्हलपर-टेस्टर भांडण म्हणतात त्यातलं बरंचसं मुळात असं असतं. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, नियमच ठरलेला नसतो.

बैठकीतून बाहेर पडताना हातात पाच ते दहा उदाहरणांचा तक्ता हवा: इनपुट काय, निकाल काय. तोच तक्ता डेव्हलपरच्या युनिट टेस्टमध्ये (कोडचा एकेक छोटा भाग तपासणाऱ्या टेस्ट) जातो आणि तोच टेस्टरची सुरुवात ठरतो. त्यासाठी गर्किन (अशी उदाहरणं लिहायची ठरावीक पद्धत) किंवा कुठलं वेगळं टूल लागत नाही. दहापेक्षा जास्त उदाहरणं निघाली तर स्टोरी मोठी आहे, कापा.

काही प्रश्न अशा सॉफ्टवेअरमध्ये कायम विचारण्यासारखे आहेत. सवलत ० ते १०० टक्के असेल तर ०, १००, १०१, उणे १ आणि ३३.३३ यांचं काय होतं? सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो का? भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे १ एप्रिलला रात्री १२ वाजून १० मिनिटांनी काढलेल्या बिलाला सर्व्हर ३१ मार्च, संध्याकाळचे ६.४० समजतो आणि बिल मागच्या आर्थिक वर्षात जातं. बहुतेक दुकानं रात्री बंद असतात म्हणून हा बग वर्षानुवर्षं लपतो, आणि मग एखादं चोवीस तास चालणारं औषधांचं दुकान ग्राहक म्हणून येतं. बिलाचा एसएमएस मराठीत जातो का? इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरी ७० चा, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "श्री" म्हणजे चार. सत्तरच्या पुढे गेलं की संदेशाचे तुकडे ६७-६७ चे पडतात आणि दुकानदाराला दोन एसएमएसचे पैसे लागतात. हा बग टेस्टिंगमध्ये दिसत नाही, महिनाअखेरच्या बिलात दिसतो.

हातातून हातात देताना

डेव्हलपरने स्टोरी "तयार" रकान्यात टाकण्याआधी टेस्टरला दहा मिनिटं स्वतःच्या मशीनवर ती चालवून दाखवायची. कोड मुख्य कोडमध्ये मर्ज व्हायच्या आधी. मुख्य मार्ग, एक चुकीचं इनपुट, एक रद्द करण्याचा मार्ग. पहिल्याच क्लिकला कोसळणारे बग इथेच पडतात, त्यांची तिकिटं निघत नाहीत, ती कोणी वाचत नाही, बंदही करावी लागत नाहीत. टीम वेगवेगळ्या शहरांत असेल तर स्क्रीन शेअर करून करा, फक्त रेकॉर्डिंग पाठवून भागवू नका. टेस्टरने मध्येच "आता इथे बॅक दाबा" म्हणणं हाच यातला उपयोगाचा भाग आहे.

कोड रिव्ह्यूबद्दल थोडक्यात: पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) २०० ते ४०० ओळींच्या आत ठेवा. दीड हजार ओळींच्या रिक्वेस्टवर "छान दिसतंय" यापलीकडे शेरा येत नाही. बदलाबरोबर टेस्ट नसेल तर रिव्ह्यू करणाऱ्याने एवढंच विचारायचं: हे चालतं हे तुला कसं कळलं?

रोज लाल असलेलं ऑटोमेशन

आधी गणित. समजा स्क्रीनवरून चालणाऱ्या २०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट २०० वेळांतून एकदाच, काही कारण नसताना फेल होते. प्रत्येक टेस्ट सुटी पाहिली तर ९९.५ टक्के विश्वासार्ह, उत्तमच म्हणायची. पण सगळ्या एकत्र चालवल्या की पूर्ण हिरवा, म्हणजे सगळ्या टेस्ट पास झालेला बिल्ड (सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती) मिळण्याची शक्यता फक्त ३७ टक्के उरते. म्हणजे कोडमध्ये काहीही चुकलेलं नसताना १०० पैकी ६३ वेळा लाल. मग लोक बघणं सोडतात, आणि खरा बग आला तरी "परत चालव, होईल हिरवा" एवढंच होतं. हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे दिले होते: त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये असा थोडाफार अस्थिरपणा होता, आणि टेस्ट हिरव्याची लाल होण्याच्या ८४ टक्के प्रसंगांत अशी अस्थिर टेस्ट गुंतलेली होती.

कारणं बहुतेक ठरलेली असतात. एक, ठरावीक सेकंद थांबण्याची ओळ. तीन सेकंद थांब म्हटलं, सर्व्हर चार सेकंदांनी उत्तर देतो. तिथे बटण दिसेपर्यंत किंवा बिल क्रमांक उमटेपर्यंत थांब असं लिहायचं, वरची मर्यादा ठेवून. दोन, सामायिक डेटा. सगळ्या टेस्ट "टेस्ट दुकान १" वापरतात, एक टेस्ट स्टॉक शून्य करते आणि पुढची मरते. प्रत्येक टेस्टने स्वतःचं दुकान, स्वतःचा ग्राहक तयार करावा, नावाला यादृच्छिक शेपूट लावून. तीन, टेस्टचा क्रम. एकदा मुद्दाम उलट्या क्रमाने चालवून बघा, किती टेस्ट दुसऱ्यांच्या जीवावर जगतात ते दिसेल. चार, तारीख. रात्री बारा ते साडेपाचमध्ये चालणारी पाइपलाइन (टेस्ट आपोआप चालवणारी साखळी) वर सांगितलेल्या यूटीसीच्या घोळाने फेल होते आणि सकाळी कोणी हाताने चालवली की पास. अशी टेस्ट अस्थिर म्हणून बाजूला टाकू नका, ती खरा बग दाखवते आहे.

स्वच्छता अशी करा. अस्थिर टेस्ट मुख्य पाइपलाइनमधून त्याच दिवशी काढून वेगळ्या गटात टाका, तिच्यावर एका माणसाचं नाव आणि दोन आठवड्यांची मुदत लिहा. मुदतीत दुरुस्त झाली नाही तर पुसून टाका. पुसताना जीव खालीवर होतो, पण जिच्या निकालावर कोणाचा विश्वास नाही ती टेस्ट असून नसल्यासारखीच. फेल झाली की आपोआप तीनदा चालवण्याची सोय मात्र सांभाळून वापरा. दोन जण एकाच वेळी बिल काढतात तेव्हा कधीतरीच येणारा दुहेरी बिल क्रमांक याच सोयीखाली गाडला जातो.

मूळ दुखणं बहुधा वेगळंच असतं: सगळं स्क्रीनवरून तपासण्याचा हट्ट. जीएसटीची चाळीस उदाहरणं ब्राउझर उघडून तपासली तर दहा-पंधरा मिनिटं जातात. करगणनेच्या फंक्शनवर तीच एका सेकंदाच्या आत होतात. तेव्हा हिशेब, सवलत, पूर्णांकन हे युनिट टेस्टमध्ये, तेही डेव्हलपरने लिहायचं. बिल सेव्ह झालं की स्टॉक कमी होतो का, परवानगी नसलेल्याला नकार मिळतो का, हे एपीआयच्या पातळीवर. स्क्रीनवर फक्त दुकान बंद पाडू शकतील असे प्रवास: लॉगिन, बिल काढणं, छापणं, परती, दिवसअखेरचा हिशेब. अशा उत्पादनाला पंधरा ते पंचवीस पुरतात. मर्जच्या आधी चालणारा संच दहा मिनिटांत संपला पाहिजे. पाऊण तास लागला की लोक थांबत नाहीत, पुढचं काम सुरू करतात, आणि फेल झालेल्या बिल्डकडे परत येताना डोक्यातला संदर्भ गेलेला असतो. सेलेनियम सोडून प्लेराइट हे त्याच कामाचं टूल घ्यावं का? थांबण्याचं काम ते जास्त आपोआप करतं, म्हणून नव्या टेस्टना घ्या. पण जुना सामायिक डेटा तसाच ठेवून टूल बदललंत तर लाल रंगही तसाच येईल.

"शंभर टक्के ऑटोमेशन" हे उद्दिष्ट कोणी सादरीकरणात टाकलं असेल तर काढून टाका. टेस्टरचा वेळ स्क्रिप्ट सांभाळण्यात गेला तर शोधायचं कोणी? आठवड्यात दोनदा नव्वद मिनिटं राखून ठेवा, एक विषय घेऊन: "छपाईच्या मध्ये नेट गेलं तर", "दोन काउंटरवर शेवटची एकच वस्तू विकली तर". आधी लिहिलेल्या टेस्ट केस नाहीत, फक्त विषय, वेळ आणि नोंदी.

बग लिहिणं आणि भांडणं

"बिलिंग चालत नाही" हे शीर्षक म्हणजे भांडणाला निमंत्रण. "सवलत १०० टक्के दिली की बिल सेव्ह होत नाही" असं लिहा. खाली बिल्ड क्रमांक, दुकानाची सेटिंग, पायऱ्या, काय व्हायला हवं आणि कोणत्या नियमानुसार, काय झालं, आणि लॉगमध्ये शोधता येईल अशी वेळ. डेव्हलपरनेही "फिक्स्ड" एवढंच लिहून मोकळं होऊ नये. "बिल्ड ४१२ मध्ये दुरुस्त, सवलतीचं फंक्शन बदललं, परतीचं बिलही तेच वापरतं" असं लिहिलं की टेस्टरला पुढे कुठे बघायचं ते कळतं. या एका ओळीने जितके पुढचे बग अडतात तितके शंभर जुन्या टेस्ट केस पुन्हा चालवून अडत नाहीत. बंद फक्त टेस्टरने करायचा.

"माझ्याकडे येत नाही" म्हणून बग परत पाठवण्याआधी दोघांनी पंधरा मिनिटं एकत्र बसायचं, हा नियमच करा. तीव्रता टेस्टर ठरवतो, आधी काय दुरुस्त करायचं हे प्रॉडक्ट बघणारा ठरवतो. एकाच माणसाकडे दोन्ही दिलंत की प्रत्येक बग "क्रिटिकल" होतो. आणि टेस्टरने किती बग काढले, डेव्हलपरचे किती निघाले, हे मूल्यमापनाच्या कागदावरून आजच काढा. मोजायला लागलात की टेस्टर स्पेलिंगच्या चुका वेगवेगळ्या तिकिटांत टाकतो, डेव्हलपर "हा बग नाही, बदल आहे" यावर वाद घालतो, आणि दहा मिनिटांच्या डेमोत तोंडी सांगून संपणारी गोष्ट तिकिटात जाते, कारण तोंडी सांगितलेली मोजली जात नाही.

रिलीज

कितीही तपासलं तरी काहीतरी सुटणार, म्हणून सुटलेलं थोडक्यांपर्यंतच पोहोचेल असं करा. क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीचं १९ जुलै २०२४ चं प्रकरण यासाठी बारकाईने समजून घेण्यासारखं आहे. त्यांच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधल्या एका साच्याच्या व्याख्येत २१ रकाने होते, प्रत्यक्ष कोड २० च मूल्यं पुरवत होता. आधीच्या चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात "काहीही चालेल" असं चिन्ह होतं, त्यामुळे तो वाचलाच गेला नाही आणि सगळं हिरवं राहिलं. त्या दिवशी प्रथमच तिथे खरी अट आली, आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. चाचण्यांमधली फट एका जागी होती. नुकसान एवढं झालं ते अद्ययावत फाइल टप्प्याटप्प्याने न पाठवता एकदम सगळीकडे गेल्यामुळे.

नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर-व्यवहार कंपनीचं १ ऑगस्ट २०१२ चं प्रकरण दुसऱ्या टोकाचं. आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला, एकावर राहिला. नव्या कोडने जुनाच फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला होता, त्यामुळे आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं बंद असलेला जुना कोड जागा झाला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त गेले. गोंधळात त्यांनी बाकीच्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला, म्हणजे जुना कोड आठही ठिकाणी सुरू झाला. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने ९७ ई-मेल पाठवले होते, पण ते इशारा म्हणून बघायचे असतात हे कोणी ठरवलेलंच नव्हतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ साधा आहे. नवा बिल्ड आधी पाच ओळखीच्या दुकानांत, एक दिवसअखेरचा हिशेब नीट झाल्यावर पन्नासांत, मग सगळीकडे. शुक्रवारी संध्याकाळी आणि महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत नाही. रोलबॅक, म्हणजे जुन्या बिल्डवर परत जाणं, महिन्यातून एकदा खरोखर करून बघा. डेटाबेसचा रकाना काढायचा असेल तर एका रिलीजमध्ये कोडने तो वापरणं थांबवायचं आणि पुढच्या रिलीजमध्ये काढायचा, नाहीतर जुन्या बिल्डवर परत जाता येत नाही. काम संपलेले फीचर फ्लॅग काढण्याची तारीख फ्लॅग घालतानाच लिहा, आणि जुन्या फ्लॅगचं नाव पुन्हा वापरू नका.

प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष दुकानांत, गेलेल्या प्रत्येक गंभीर बगवर अर्धा तास बसा. कोणी केला हा प्रश्न नको. कुठल्या टप्प्यावर सर्वांत स्वस्तात सापडला असता हे विचारा: वीस मिनिटांच्या बैठकीत, युनिट टेस्टमध्ये, डेमोत की पाच दुकानांत? उत्तराचा एकच रकाना भरा आणि एकच बदल ठरवा, नाव आणि तारखेसह. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की एक रकाना फुगलेला दिसतो. पुढच्या तिमाहीतली मेहनत तिथे घाला.

मोजायचंच असेल तर स्टोरी "तयार" झाल्यापासून टेस्टरने उघडेपर्यंतचे तास, परत गेलेल्या स्टोऱ्यांचं प्रमाण, रिलीजनंतर तातडीची दुरुस्ती कितीदा लागली, आणि ती दुकानात पोहोचायला किती वेळ लागला. कव्हरेजचा टक्का (टेस्टनी किती कोड चालवून पाहिला) ध्येय म्हणून लावू नका. काहीच न पडताळता नुसतं फंक्शन चालवणारी टेस्टही कव्हरेज वाढवते. करगणनेसारख्या नाजूक भागावर म्युटेशन टेस्टिंग चालवा, जावासाठी पिटेस्ट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर. ते कोडमध्ये मुद्दाम चुका पेरतं आणि तुमच्या टेस्ट त्या पकडतात का ते सांगतं. सगळ्या कोडवर चालवायला गेलात तर रात्र पुरणार नाही.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या स्प्रिंटमध्ये रकान्याची मर्यादा आणि दहा मिनिटांचा डेमो. दुसऱ्यात वीस मिनिटांची बैठक आणि अस्थिर टेस्ट बाजूला काढणं. तिसऱ्या-चौथ्यात करगणना युनिट टेस्टमध्ये हलवणं आणि पाच दुकानांचा टप्पा. पहिल्या स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या स्टोऱ्या कमी दिसतील, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर मर्यादा दुसऱ्याच आठवड्यात उठवली जाते. चार स्प्रिंटनंतरही "तयार" रकाना पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सतत भरलेला असेल, डेव्हलपर मदत करत असूनही, तर मात्र तिसऱ्या टेस्टरची जाहिरात काढा.